केसपेपरवर 'पडला' असं लिहिलंय

मुस्काटात मारीन. थोबाड फोडीन. दात घशात घालीन. बत्तिशी पाडीन. तोंड सांभाळून बोल.

बघा, आपल्या मायमराठीनं एकट्या जबड्यासाठी केवढी तरतूद करून ठेवलीय. तंगडं मोडायची धमकीपण आहे, नाही असं नाही. पण ती पळणाऱ्याला. जबड्याची धमकी बोलणाऱ्याला असते. तोंड वर करून बोलणाऱ्याला. कुणाचं तोंड वर झालं की फोडायचं, हे या भाषेत आधीच ठरलेलं आहे. डॉक्टर लोक मात्र कैक वर्षं तक्ते छापतायत. जबडा मोडण्याची कारणे : रस्ता अपघात, पडणे, मारहाण, खेळ. चार रकाने. खलास.

माझं भांडण या चार रकान्यांशी आहे.

मागच्या पावसाळ्यात माझा स्वतःचा जबडा मोडला. लगेच मुठी आवळू नका दोस्तहो, माझा जबडा काही चळवळीत मोडलेला नाही. रात्री साडेअकराला घाटकोपरच्या सर्व्हिस रोडवर पाण्यानं भरलेला खड्डा दिसला नाही. बाईक मित्राची. मी दुभाजकावर हनुवटीनं उतरलो. डोक्यावर हेल्मेट होतं. ते अर्धं, टोपीसारखं, पोलिसाला दाखवायचं हेल्मेट. डोकं वाचलं, हनुवटी गेली. साला हनुवटीला झाकणारं हेल्मेट पाचपट महाग, म्हणून कुणी घेत नाही. तर माझ्या केसपेपरवर लिहिलं 'रस्ता अपघात', ते खरं आहे. खड्ड्याचा रकाना नव्हता, पण ते असो.

अकरा दिवस वॉर्डात. मग वरचे दात खालच्या दातांना तारांनी बांधून घरी पाठवलं. पाच आठवडे. पेज, ताक, डाळीचं पाणी, सगळं स्ट्रॉनं. आणि दर मंगळवारी ओपीडीच्या बाकावर. मुंबईतल्या त्या सरकारी बाकावर आम्ही दहा-बाराजण दात आवळून बसायचो. बोलायचं तर दातांच्या फटीतून. आयुष्यात मी एवढं ऐकलं नव्हतं तेवढं तिथं ऐकलं, कारण तोंड मिटलेलं होतं.

आता थोडं हाडाविषयी. ते समजल्याशिवाय पुढची भानगड कळायची नाही.

खालचा जबडा म्हणजे घोड्याच्या नालेसारखं हाड. दोन्ही टोकं कानांपुढं सांध्यात अडकवलेली. त्यामुळं एकीकडं मार बसला की बरेचदा दुसरीकडंही मोडतो. हनुवटीवर सरळ आपटलं की धक्का हाडातून वर चढतो आणि कानापुढच्या दोन्ही माना मोडतात. परेडला ताटकळत उभा केलेला शिपाई चक्कर येऊन तोंडावर आपटतो, त्याचं असंच होतं; गोऱ्या सर्जनांनी या मोडण्याला गार्डांचंच नाव दिलंय. माझंही तसंच झालेलं. पण बाजूनं बुक्की बसली तर गोष्ट वेगळी. तिथं अक्कलदाढेचा कोपरा जातो, कारण वर न आलेली अक्कलदाढ त्या जागी हाड कमजोर करून बसलेली असते. आणि समोरच्या बाजूला सुळ्याच्या आसपास दुसरी चीर पडते. मारणारे बहुतेक उजव्या हाताचे. तो समोर उभा असतो. म्हणून मारहाणीत डावी बाजू जास्त मोडते.

वाल्मीकीला हे ठाऊक असावं. पोरगं सूर्याकडं झेपावलं, इंद्रानं वज्र हाणलं, पोर डोंगरावर पडलं आणि त्याची डावी हनू मोडली. डावी, असं स्पष्ट आहे. मोडलेल्या जबड्याचंच नाव त्याला चिकटलं आणि आज ते गल्लोगल्ली शेंदूर लावून उभं आहे. पण गंमत कुठं आहे बघा. मारलं इंद्रानं, मोडलं पडून. म्हणजे केसपेपर त्या काळापासून असाच लिहितात.

वॉर्डात माझ्या शेजारी बेड नंबर अकरा. वय बावीस. मराठवाड्यातल्या एका गावचा, नाव लिहीत नाही, कारण तो अजून तिथंच राहतो. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत डीजे कुठल्या गल्लीतून न्यायचा यावर गावात तणातणी झाली होती. ते मिटलं म्हणतात तसं मिटलं. मग दोन-अडीच महिन्यांनी हा एकटा पिठाच्या गिरणीजवळ सापडला. तिघांनी धरलं, एकानं मारलं. तालुक्याच्या दवाखान्यात त्याला नेलं कुणी? मारणाऱ्याच्याच चुलत्यानं. मोठा माणूस, पांढरे कपडे, डॉक्टरला नावानं हाक मारणारा. त्यानंच सांगितलं आणि डॉक्टरनं लिहिलं : 'अलेज्ड हिस्टरी ऑफ फॉल'. पडला. याच्या तोंडातून रक्त आणि लाळ, बोलणार कसं? ज्याचा जबडा मोडलाय तोच आपली हिस्टरी सांगायला नालायक ठरतो. दुसऱ्या कुठल्या हाडाला ही सोय नाही.

नऊ दिवसांनी मामानं त्याला मुंबईला आणला. तोवर पू झालेला. दाताच्या मुळाशी हाड मोडतं तेव्हा ती जखम तोंडात उघडी असते, थुंकी आत जाते. उशीर केला की कुजते. एक्सरे आला. डावा कोपरा, उजवीकडं पुढं दुसरी चीर. शिकाऊ डॉक्टरीण पोरगी होती, चोवीस-पंचवीसची. फिल्म उजेडाला धरून म्हणाली, "पडलेला माणूस असा मोडत नाही सहसा. हा बाजूनं मारलेला आहे." मग फिल्म खाली ठेवून : "पण मी काय लिहू? रेफरच्या कागदावर फॉल आहे."

बेड अकरा दातांच्या फटीतून म्हणाला, "पडलो न्हाई मी. पाडलं मला."

एका अक्षराचा काना. पण त्या एका कान्यात काय काय आहे ते बघा. हाड किंवा दात मोडणं म्हणजे जबर दुखापत, हे जुन्या दंड संहितेच्या कलम ३२० मध्ये सातव्या मुद्द्याला होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिथं ते ११६ झालं. साधी दुखापत केली तर कलम ११५, फार तर एक वर्ष, आणि अदखलपात्र. ठाण्यावरचा माणूस एनसीचा कागद हातात देतो आणि कोर्टाचा रस्ता दाखवतो. जबर दुखापत केली तर ११७, सात वर्षांपर्यंत, दखलपात्र. मधे फक्त एक एक्सरे उभा आहे. त्यात मार खाणारा अनुसूचित जातीचा असला आणि मारणारा तसा नसला तर १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागतो, तपास उपअधीक्षक दर्जाच्या खालच्या माणसाला करता येत नाही. हे सगळं केव्हा? कागदावर 'मारहाण' असेल तेव्हा. 'पडला' लिहिलं की जमिनीवर गुन्हा दाखल करा आता.

त्या कायद्याचं कलम ३ उघडून पाहा. अत्याचारांची यादी सुरू होते ती तोंडापासून. दलित-आदिवासीच्या तोंडात घाण, अखाद्य वस्तू कोंबणे, हा पहिला गुन्हा. कायदा करणाऱ्यांनी काही कविता म्हणून तोंड आधी घेतलं नसेल. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात शूद्रानं उलटून बोललं तर जीभ कापा, तोंडात दहा बोटं लांब तापलेला खिळा घाला, उकळतं तेल ओता अशी दंडाची व्यवस्था आहे. पेशवाईत गळ्यात मडकं होतं, थुंकीसाठी. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ते पुस्तक जळलं. सवय जळली नाही. ती गिरणीजवळ उभी असते.

आता जगात काय आहे ते बघू, कारण जबडे सगळीकडं मोडतात.

जवळजवळ सगळीकडं मोडतात ते पुरुषांचे, तेही विशी-तिशीतले. आपल्या देशातल्या रुग्णालयांनी छापलेले बहुतेक अभ्यास घ्या, पहिलं कारण रस्ता. आणि रस्ता म्हणजे दुचाकी. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली, त्यातली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची. हे मेलेले. जबडे कुणी मोजले नाहीत. वॉर्डात आम्हां बाईकवाल्यांत दोघं डिलिव्हरीची पोरं होती. एक जण ऑर्डर थंड होईल म्हणून उलट्या बाजूनं आला होता. पनीर मसाला कुणीतरी खाणार होतं, हा पाच आठवडे डाळीचं पाणी प्याला.

ब्रिटनमध्ये चित्र वेगळं. ग्लासगोच्या भागातला १९८५ साली छापलेला एक अभ्यास आहे, दहा वर्षांतले २,१३७ रुग्ण. निम्म्याहून अधिक जबडे मारामारीत गेलेले. आपल्याकडचा शहाणा लगेच म्हणेल, गोरे दारू पिऊन भांडतात. थांब जरा. त्या देशात १९८३ च्या जानेवारीअखेर गाडीत पुढच्या सीटवर पट्टा बांधणं सक्तीचं झालं, आणि काचेवर फुटणारे चेहरे कमी झाले. रस्त्याचा आकडा उतरला की मारामारीची टक्केवारी आपोआप चढते, मारामारी तेवढीच राहिली तरी. टक्केवारी ही अशी बाजारबसवी आहे, शेजारी कोण बसलंय त्यावर तिचं रूप ठरतं. हे ध्यानात ठेवा. उद्या आपल्याकडं सगळ्यांनी हनुवटीवाली हेल्मेटं घातली तर मारहाणीचा टक्का वर येईल. तो आत्ताही आहेच, रस्त्याखाली पुरलेला.

आणि ऑस्ट्रेलियाचा उत्तर प्रदेश, नॉर्दर्न टेरिटरी. तिथं जबडे मोडण्याचं प्रमाण जगातल्या सर्वांत जास्त प्रमाणांपैकी, कारण बहुतेक मारहाण, आणि मार खाणाऱ्यांत मूळनिवासी त्यांच्या संख्येच्या मानानं कितीतरी जास्त. घरातल्या मारहाणीनं रुग्णालयात भरती होणाऱ्या मूळनिवासी बायांचं प्रमाण इतर बायांच्या तीसपटीहून अधिक भरलंय. हे वाचल्यावर गोरा वाचक काय म्हणतो? काळे, दारुडे, मारकुटे. जमीन कुणी घेतली, पोरं आयांच्या कुशीतून काढून मिशनात कुणी टाकली, दारू कुणी आणून विकली, याचा रकाना तक्त्यात नसतो. तक्ता फक्त मोडलेल्या जबड्याचा वंश लिहितो आणि गप्प बसतो.

हे मला त्या बाकावर बसून कळत गेलं, कारण आधी माझं म्हणणं उलट होतं. मी त्या डॉक्टरीण पोरीला विचारलं होतं, तुमच्या फॉर्मवर जातीचा रकाना का नाही? ती चपापली. "जखमेला जात असते का?" चांगली पोरगी, वाईट अर्थानं म्हणाली नव्हती. मी म्हटलं, जखमेला नसते, बुक्कीला असते. वाक्य बरं जमलं म्हणून मीच माझ्यावर खूश झालो. पण रात्री झोप येईना. समजा रकाना टाकला. समजा आकडा आला की एवढे टक्के जबडे आपल्या वस्त्यांतले. दुसऱ्या दिवशी पेपरात काय छापून येईल? झोपडपट्टी, व्यसन, भांडणं, ह्या लोकांचं असंच. राष्ट्रीय गुन्हे नोंदणीवाले २०२२ साली अनुसूचित जातींवरचे ५७,५८२ गुन्हे मोजतात. त्यातून कुणाची झोप उडाली?

म्हणून माझी मागणी आता वेगळी आहे. जबड्याची जात लिहू नका. हाताची लिहा. कुणी मारलं, कुठं मारलं, कशानं मारलं, कुणासमोर मारलं, आणि रुग्णाला दवाखान्यात आणलं कोणी. हा शेवटचा प्रश्न तर सगळ्यात आधी विचारा. आणि आणणाऱ्याला दाराबाहेर काढून विचारा. जबडा मोडलेल्याला बोलता येत नसेल तर कागद-पेन द्या. लिहिता येत नसेल तर मान हलवता येते.

हे काही हवेतलं नाही. वेल्समध्ये कार्डिफ नावाचं शहर आहे. तिथला जोनाथन शेफर्ड, हा जबड्याचाच सर्जन. त्याच्या लक्षात आलं की आपण ज्यांना टाके घालतो त्यातले कितीतरी पोलिसांच्या दप्तरात नसतातच. त्यानं कॅज्युअल्टीच्या खिडकीवर विचारायला लावलं : कुठं, केव्हा, कशानं. नाव काढून टाकायचं आणि बाकी माहिती पालिकेला, पोलिसांना द्यायची. अमुक बार, अमुक रस्ता, शनिवारी रात्री, फुटलेला ग्लास. मग त्या जागेवर इलाज. २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हिशेब आला : तशाच इतर शहरांशी ताडून पाहिलं तर मारहाणीनं भरती होणाऱ्यांचं प्रमाण ४२ टक्क्यांनी कमी. खिडकीवर तीन प्रश्न विचारले, एवढंच. आता तिथला पोलीस आणि इथला पोलीस यात फरक आहे हे मला शिकवू नका. माहिती कुणाला द्यायची ते आपण वेगळं ठरवू. विचारायला तर सुरुवात करा.

बाकावरची एक पोरगी राहून जाते, तिचं सांगतो. नऊ वर्षांची. तोंड जेमतेम अर्धं बोट उघडायचं. चार वर्षांची असताना चाळीतल्या माळ्यावरून हनुवटीवर पडली. हनुवटीला टाके घातले आणि घरी पाठवलं. कानापुढं बोट लावून कुणी पाहिलं नाही, एक्सरे नाही. आत सांधा मोडला होता तो हाडाला हाड चिकटून गोठला. हनुवटी वाढलीच नाही, पाखरासारखं तोंड. भाकरी चुरून दातांच्या फटीतून आत ढकलायची. ती खरोखरच पडली होती, कुणी मारलं नव्हतं. पण माळ्याला कठडा नव्हता आणि दवाखान्यात पाच मिनिटं नव्हती. 'पडणे' हा रकानाही वाटतो तेवढा निष्पाप नाही. मुलं पडतात सगळ्यांचीच, सांधे गोठतात ते बघा कुणाच्या पोरांचे.

अनिल कुंबळेनं २००२ साली अँटिग्वाला मोडक्या जबड्याला पट्टी बांधून चौदा ओव्हर टाकल्या, लाराला पायचीत केलं. मी पोरगा होतो, तो फोटो भिंतीवर लावला होता. अजूनही मान देतो. पण बेड अकरानं त्याच अवस्थेत नऊ दिवस काढले, त्याचा फोटो कुणी काढला नाही, एक्सरेवाल्याशिवाय.

इथं लेख संपवला असता तर तुम्ही टाळ्या वाजवल्या असत्या. पण बाकावर अजून एक ताई होत्या.

तिशीच्या आसपास. तारा बांधलेल्या. केसपेपरवर : मोरीत पाय घसरून पडली. डावा कोपरा. हाडाविषयी वर जे लिहिलंय ते एव्हाना मला पाठ झालं होतं, त्यामुळं मी त्यांच्या गालाकडं बघितलं आणि खाली बघितलं. दुसऱ्या मंगळवारी त्यांचा नवरा ज्यूसची बाटली घेऊन आला. मी त्याला ओळखतो. तुमच्यातले बरेचजण ओळखतात. आपल्या मोर्चात पुढं असतो, सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलवर उभा राहतो, बायकांच्या प्रश्नावर बोलतो तेव्हा पोरं वही काढतात. मला बघून म्हणाला, "जय भीम." मी दात आवळून म्हणालो, "जय भीम." आणि पुढं काहीच नाही. तारा होत्या हे खरं. पण तारा असूनही मी डॉक्टरणीशी वाद घातला होताच की.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा पाचवा फेरा, २०१९ ते २१. लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या बायांपैकी २९.३ टक्के बायांनी नवऱ्याचा मार किंवा जबरदस्ती सोसलेली. हिंसा सोसलेल्यांपैकी कुणाकडं मदत मागितली? फक्त १४ टक्क्यांनी. मुंबईत २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' संस्थेनं मिळून 'दिलासा' केंद्र काढलं, बाई मोरीत पडली म्हणून आली तरी तिला बाजूला घेऊन विचारायचं म्हणून. तिथल्या नर्सला जे कळतं ते आपल्या शाखेला कळत नाही? का कळतं, पण वस्तीची बदनामी नको, चळवळीची बदनामी नको? गावातल्या त्या पांढऱ्या कपड्यातल्या चुलत्याला हीच काळजी होती, गावाची बदनामी नको.

मी ताईंना विचारलं, तारा काढायच्या दिवशी. मी लिहू का? त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "नाव नको. मोरी लिही."

बेड अकराच्या तारा माझ्या आधी सुटल्या. डॉक्टरीण म्हणाली, तोंड उघड. तोंड किती उघडतं ते बोटांनी मोजतात, तीन बोटं उभी मावली तर ठीक. त्याची दोन मावली. रोज चमचा घालून वाढवायला सांगितलं. त्या पोरीनं डिस्चार्ज कागदावर स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली : रुग्ण स्वतः मारहाण झाल्याचे सांगतो, मोडीचे स्वरूप त्याच्याशी विसंगत नाही. एवढ्यानं कोर्ट मानेल असं नाही. पण 'पडला'च्या खाली आता दुसरी ओळ आहे. तो मामासोबत गावी गेला, उपअधीक्षक कार्यालयात पुरवणी जबाबासाठी अर्ज दिला, पोच घेतली. पोचेचा फोटो मला पाठवला. शिक्का आहे, तारीख आहे.

ताईंच्या कागदावर अजून मोरीच आहे. आणि नवरा यंदाच्या जयंती कमिटीत आहे. येत्या रविवारी कमिटीची बैठक आहे, विषयपत्रिकेत डीजे, मंडप, वर्गणी. मी आणखी एक विषय लिहून दिलाय. त्याला तो वाचता यावा म्हणून हा अंक शनिवारीच त्याच्या दारात टाकतोय.